सेनापतींच्या दगडावरचं शेवाळ

त्या जुन्या दफनभूमीत सहाशे बारा माणसं कायमची होती आणि तात्पुरती एकच. बावीस वर्षं दर अकरा महिन्यांनी तिची नेमणूक संपायची, एक दिवस खंड पडायचा आणि पुन्हा नवी ऑर्डर निघायची. खंडाच्या दिवशीही ती कामावर असायचीच. राहायलाच फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत होती, जाणार कुठं? "मला कायम कधी करणार?" असं ती प्रत्येक नव्या साहेबाला विचारायची, म्हणून ऑफिसात तिचं नाव पडलं कायमबाई.

नवरा गेल्यावर ती त्याच्या जागी लागली. झाडलोट आणि गवत काढणं एवढंच तिचं काम. दगड धुणं तिनं आपणहून अंगावर घेतलेलं. मऊ ब्रश, साधं पाणी, आणि अक्षरांच्या खाचांतली घाण काढायला लाकडाची काडी. धुता धुता ती दगड वाचायची. कोण बेकरीवाला, कोण कुलपं करणारा, हे आळीतल्या लोकांबद्दल बोलावं तसं लेकीला सांगायची. लेक शाळेत शिक्षिका. ती म्हणायची, "आई, जिवंत माणसांशीही बोलत जा कधी."

एक दिवस नवे साहेब आले. दफनभूमी राष्ट्रीय वारशाच्या यादीत घालायची होती आणि त्यासाठी फॉर्म भरायचा होता.

"इथं मोठं कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"मोठं म्हणजे वयानं?"

"कर्तृत्वानं हो!"

"मग ती कोपऱ्यातली सुईण. तिच्या हातून चार हजार मुलं जन्मली, असं लिहिलंय."

"सुईण नको. रकाने चारच आहेत. राजा, योद्धा, संत, कवी. सुईण कुठं बसवू?"

साहेब स्वतःच शोधायला निघाले. भिंतीकडेला शेवाळानं माखलेला एक उंच दगड होता. त्याच्या माथ्यावर एवढीच अक्षरं वाचता येत होती: सेनापती. साहेबांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

"साहेब, खाली आणखी काहीतरी लिहिलंय," कायमबाई म्हणाली. "हा दगड आजवर मलाही नीट धुता आलेला नाही. भिंतीतली ओल सुटत नाही."

"पराक्रम लिहिला असणार. दुसरं काय?"

महिन्याभरात मंजुरी आली. फाटकापासून बाण लागले. बाकीच्या कबरींचीही ओळख बदलली. बेकरीवाला आता 'सेनापतींच्या डावीकडील कबर' झाला. शनिवारी मंत्रीबाई येणार असं ठरलं आणि साहेबांनी लेखी हुकूम काढला: फोटोत अक्षरं दिसतील असा दगड स्वच्छ करावा.

कायमबाई चार दिवस त्या दगडाशी बसून होती. गुरुवारी दुपारी शेवटची ओळ मोकळी झाली. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ओल्या हातानं तोंड दाबून हसत सुटली. दगडावर होतं: 'सेनापतींचा शिंपी. त्यांच्या पोटाचं खरं माप फक्त यालाच ठाऊक होतं.'

हसू ओसरल्यावर तिला जरा ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं या माणसाला ओलांडून ती गवत काढत होती.

साहेब धावत आले. "हे काय करून ठेवलंत?"

"धुतलं. तुमचाच हुकूम आहे."

"शेवाळ परत लावता येईल?"

"येईल की. दह्याचं पाणी मारत राहायचं."

"किती वेळ लागेल?"

"पाचेक वर्षं."

शेवटी माणसाएवढं फुलांचं चक्र आणलं गेलं. ते दगडाला असं टेकवलं की 'चा'पासून पुढचं सगळं झाकून वर फक्त 'सेनापती' दिसावं. चक्र घसरू नये म्हणून कायमबाईला ते कडेनं धरायला उभं केलं. मंत्रीबाईंनी तलवार, रणांगण आणि बलिदान यांवर वीस मिनिटं भाषण केलं. मग हातातला हार घेऊन पुढं आल्या.

"हे चक्र जरा बाजूला घ्या, बाई. मला माझा हार ठेवायचाय."

साहेबांनी मानेनंच 'नाही, नाही' केलं. पुढच्या महिन्यात कायमबाईची ऑर्डर त्यांच्याच सहीनं निघायची होती. तिनं चक्र आणखी घट्ट धरलं. पण कुणीतरी एकेक अक्षर कोरून घेतलं होतं, ते काय झाकून ठेवायला? तिनं चक्र उचललं.

मंत्रीबाईंनी सवयीनं माइकवरच वाचलं. पोटाच्या मापापर्यंत आल्यावर त्या थांबल्या. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. पण बाई मुरलेल्या. दम न घेता म्हणाल्या, "हाच तो खरा कष्टकरी! सेनापतींना उभं कोणी केलं? यानं!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

संध्याकाळपर्यंत साहेबांनी पत्रक काढलं: विभागाच्या अथक संशोधनातून ऐतिहासिक शिंप्याचा शोध. फॉर्मला पाचवा रकाना जोडला गेला, 'इतर'. कायमबाईला मेमो मिळाला: विनापरवानगी चक्र का हलवलं? तिनं उत्तर लिहिलं, "दगड साहेबांनी धुवायला सांगितला, चक्र मंत्र्यांनी हलवायला सांगितलं. मी दोघांचंही ऐकलं." पुढं काही झालं नाही. नेमणूक मिळाली, अकरा महिन्यांची. पेपरात फोटो आला. खाली तिच्याबद्दल 'स्थानिक महिला' एवढंच. लेक चिडली. कायमबाई म्हणाली, "खोटं काय आहे त्यात?"

आता सुट्टीच्या दिवशी शिंपी येतात, घोळक्यानं उभे राहतात. परवा एक म्हातारा शिंपी दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवत बराच वेळ बघत होता.

"डावी बाजू तिरकी गेलीय," तो म्हणाला.

"पहिल्यापासून तशीच आहे," कायमबाई म्हणाली आणि बादली भरायला गेली.