दोन साक्षींच्या नणंदबाई

एका डोळ्यानं पाहून विश्वास ठेवणारी माणसं जगात पुष्कळ असतील. माझ्या थोरल्या नणंदबाईंचा दोन्ही डोळ्यांनी पाहिलेल्यावरही विश्वास नसे. नागपुरात त्या एक्स-रेच्या डॉक्टर होत्या. मला बघायला आल्या तेव्हा बैठकीत न्याहाळून झाल्यावर मागल्या दारानं स्वयंपाकघरात शिरल्या आणि पुन्हा पाहून गेल्या. "समोरून सगळ्याच चांगल्या दिसतेत वं," म्हणाल्या. माझ्या लग्नात स्वतःचे दोन फोटो काढून घेतले, एक समोरून, एक बाजूनं, पोलीस चोराचे काढतात तसे. बाजारात संत्रं आधी उजेडात फिरवत, मग दाबून बघत, मग तळहातावर तोलत. एकदा संत्रेवालाच वैतागून म्हणाला, "बाई, संत्रा घेऊन राहिल्या का जावई?"

माझी आई छातीच्या कॅन्सरनं गेली होती. चाळिशी लागली तशी मला धड झोप येईना. हाताला काही लागत नव्हतं, तरी नणंदबाईंनी स्तनांचा खास एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी, काढला. प्लेटवर काही दिसेना. ह्यांनी लगेच पेढे आणले. नणंदबाईंनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

"ही प्लेट साफ नाही, सारी पांढरी आहे, अन् गाठही पांढरीच दिसते. धुईत माणूस दिसला नाही म्हणून रस्ता रिकामा असते काय? एका साक्षीवर मी देवालेही मानत नाही."

सोनोग्राफीचं मशीन तेव्हा गावात नवंच आलं होतं, तेही पोटातलं बाळ पाहायला. मला गरोदर बायकांच्या रांगेत बसवलं. शेजारची कौतुकानं विचारते, "कितवा महिना लागला वं काकू?" मी लाजेनं अर्धी झाले.

पडद्यावर तुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका निघाला. नणंदबाईंनी तो फोटो आणि प्लेट उजेडावर शेजारी शेजारी धरले. ठिपका होता त्याच जागी नीट पाहिल्यावर प्लेटवरही एक पुसटशी गाठ ओळखू आली. "पाह्य! आता दोघंही एकच सांगून राहिले!" त्या ओरडल्या.

सुईनं तपासलं, कॅन्सरच होता. ऑपरेशन झालं. "इतका लहान असताना माझ्याकडे कोणी येतच नाही," सर्जन म्हणाले. कुठं पसरला नव्हता. तेही नणंदबाईंनी दुसऱ्या लॅबमधून तपासून आणलं आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच भावाला हाक मारली, "आण गा आता तुझे पेढे!" दोन खाल्ले, दोन्ही गालांत एकेक.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या लग्नातले ते दोन्ही फोटो आमच्या भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. पाहुणे बघून हसतात. त्यांच्या तिथीला मी दोन हार मागते तेव्हा फुलवाली विचारते, "माणूस एक, अन् हार दोन काहून?" तिला काय सांगू? एकावर त्यांचं भागायचं नाही, आणि दोन घालायला मी आहे.