न दाबलेलं बटण

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जवळा बाजारच्या पुढे एका वस्तीवर शेळ्यांना लस टोचत होते. फोन तिच्या भावाचा, नामदेवचा होता. "ताई, अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. सत्तावीस शेळ्या राहिल्या होत्या. लसीची बाटली एकदा फोडली की ठेवता येत नाही, म्हणून त्या टोचून झाल्यावर मी हिंगोलीला निघाले. सुलभाला हे पटलं असतं. तिच्या घरी जमलेल्या बायकांना पटलं नाही.

आम्ही दोघी परभणीला वसतिगृहात एका खोलीत राहिलो, तिथपासूनची ओळख. ती सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याकडची, मेंढपाळाची लेक. मी हट्ट्याची. मी जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक झाले आणि ती हिंगोलीतल्या एका कॉलेजात संगणक शिकवायला लागली. तिचा आवडता विषय म्हणजे यंत्राला तर्क कसा शिकवायचा. इतर प्राध्यापक हा भाग आठवड्यात उरकत, ती दीड महिना लावायची. एकदा तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले होते. फळ्यावर काही गणित नव्हतं. 'मेंढी आजारी आहे' असं एक वाक्य लिहून ती म्हणाली, हे एक तर खरं आहे किंवा खोटं आहे, मधलं काही नाही. मग 'प्रत्येक मेंढी आजारी आहे' आणि 'एक तरी मेंढी आजारी आहे' अशी आणखी दोन वाक्यं लिहिली आणि विचारलं, पहिलं खोटं पाडायला किती मेंढ्या लागतील? एक पोरगी म्हणाली, एक धडधाकट मेंढी बस. "आणि दुसरं खोटं पाडायला?" वर्ग मोजायला लागला. "सगळा कळप तपासावा लागेल," सुलभा म्हणाली. "म्हणून 'एकही आजारी नाही' असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, सगळ्या पाहिल्या का."

मेंढपाळांसाठी यंत्र करायचं तिच्या डोक्यात कधीपासून होतं. कळप घेऊन माणूस कुठल्या तरी रानात असतो, दवाखाना वीस किलोमीटरवर, डॉक्टर दौऱ्यावर. त्याने मिस्ड कॉल द्यायचा, यंत्राने उलट फोन करायचा, आठ-दहा प्रश्न विचारायचे. व्हय असेल तर एक दाबा, न्हाई असेल तर दोन. उत्तरांवरून यंत्र रोग ओळखणार आणि काय करायचं ते सांगणार. प्रश्न तिने स्वतःच्या आवाजात भरले, साखऱ्याच्या बोलीत. नियम मात्र माझ्याकडून हवे होते. दर रविवारी ती येऊन बसायची आणि मला पिळून काढायची.

"पोट फुगलंय, डाव्या बाजूला ढोलासारखं वाजतंय, तर पोटफुगी," मी सांगायचे.

"नेहमी?"

"नेहमी न्हाई गं."

"मग कवा न्हाई, ते सांग."

"ते बघितल्यावर कळतं."

"यंत्राला डोळे न्हाईत, मंगल. तुझ्या डोळ्याला काय कळतं ते तोंडानं बोल."

तीस वर्षं जे हाताने करत आले ते मला सांगता येत नव्हतं, हे मला त्या रविवारी कळलं आणि रागही आला. प्रत्येक नियम ती एका कार्डावर लिहायची, 'जर' वर आणि 'तर' खाली. तिच्या खोलीत कपड्यांची दोरी बांधलेली होती. तिच्यावर चिमट्यांनी ही कार्डं लटकलेली असायची. नामदेव म्हणायचा, अक्काच्या घरी धुणं वाळतच न्हाई, अक्कलच वाळून राहिली.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. मी विचारलं, एखाद्याने उत्तरच दिलं नाही तर? ती म्हणाली, दहा सेकंद थांबून यंत्र पुढे जाईल आणि ते 'नाही' धरेल. "एसटी स्टँडच्या फलकावर नऊची गाडी लिहिलेली नसेल तर आपण काय धरतो? नऊची गाडी नाही. जे सांगितलेलं नाही ते खोटं. असं धरल्याशिवाय यंत्राचं पान हलत नाही."

"तो फलक चार वर्षांपूर्वीचा आहे," मी म्हणाले. आम्ही हसलो आणि चहा घेतला. तो विषय तिथेच संपला. मीही तो पुढे नेला नाही.

यंत्र वर्षभर चांगलं चाललं. मग काशीबाईचा फोन आला. काशीबाई म्हणजे औंढ्याकडची मेंढपाळ बाई, नवरा वारल्यावर एकटी कळप सांभाळणारी. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, तशा तिच्या मेंढ्या एका शेतात बसल्या होत्या. सकाळी कळप उठला आणि बांधापलीकडे शिरला. तिथे कापलेल्या ज्वारीच्या खोडांना कोवळे फुटवे आले होते, ते त्याच मालकाने वाढल्यावर बैलांना घालायला राखले होते. असे फुटवे खाल्ले की किरळ लागते. ते विषच असतं. मेंढ्या फुगल्या, धापा टाकायला लागल्या. काशीबाईने मिस्ड कॉल दिला. यंत्राचा फोन आला तो तिने स्पीकरवर घेतला. शेजारी शेताचा मालक उभा होता.

चौथा प्रश्न होता, जनावरानं कोवळी ज्वारी खाल्ली का? काशीबाईने एकही बटण दाबलं नाही. मालकासमोर व्हय म्हणावं तर पुढच्या साली त्या रानात मेंढ्या बसणार नाहीत. न्हाई म्हणावं तर ते खोटं. यंत्र दहा सेकंद थांबलं, 'नाही' धरलं आणि पुढे गेलं. शेवटी सुलभाच्या आवाजात त्याने सांगितलं, पोटफुगी आहे, गोडं तेल पाजा, दोन तास वाट बघा. काशीबाईने तेल पाजलं आणि वाट बघितली. दुसऱ्या कुणी मला कळवलं म्हणून मी इंजेक्शन घेऊन पोचले, तोवर अकरा मेंढ्या आडव्या झाल्या होत्या. उरलेल्या वाचल्या.

दुसऱ्या दिवशी सुलभा आणि मी काशीबाईकडे गेलो. सुलभाचं यंत्र प्रत्येक निष्कर्ष कशावरून काढला ते लिहून ठेवायचं. तो कागद तिने वाटभर हातात धरला होता. "एकही पायरी चुकलेली न्हाई, मंगल," ती म्हणाली. "सगळ्या बराबर. आणि अकरा मेल्या." काशीबाई रडली नाही, ओरडली नाही. तिने आम्हाला पाणी दिलं आणि सुलभाला विचारलं, "बाई, तुमच्या मशिनीनं इचारलं, मी गप बसले. गप बसले म्हंजे न्हाई म्हणले का?"

परत येताना गाडीत सुलभा म्हणाली, "मी मेंढपाळाची लेक. मला कळायला पायजे होतं काहून गप बसली ते."

पुढचं वर्ष तिने त्या एका गोष्टीवर घालवलं. खरं आणि खोटं यांच्या जोडीला तिसरं, 'सांगितलं नाही'. एक जरी प्रश्न गप्प गेला तर यंत्राने निष्कर्ष काढायचाच नाही, फोन थेट माणसाला जोडायचा. नंबर तिने स्वतःचा घातला. मी म्हटलं, माझा घाल, जनावराचं तुला काय कळतं? म्हणाली, "जनावराचं तू बघ. गप बसलेल्याचं मी बघते." असा फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "शेजारी कोन हाय?" कुणी असेल तर बाजूला जायला सांगायची, मग ऐकून घ्यायची, मग मला फोन करायची.

त्याच वर्षी ती वाळत गेली. उन्हाळा बाधला म्हणाली. दिवाळीत तिच्या हातातली बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत घसरलेली मी पाहिली. शेळी असती तर पाठीच्या कण्यावरून हात फिरवला असता आणि मालकाला झापलं असतं, इतके दिवस काय करत होतास? तिला मी काही विचारलं नाही. ती बोलली नाही म्हणजे काही नसेल.

एका दुपारी तिचा फोन आला, कुणाच्या तरी बकरीसाठी. मागे ढकलगाडीचा खडखडाट होता आणि कुणीतरी माणसांची नावं पुकारत होतं. "कुठं आहेस?" मी विचारलं. "बाहेर," ती म्हणाली. मी बकरीचं औषध सांगितलं आणि फोन ठेवला. ती नांदेडला दवाखान्यात होती, एकटी. चार वेळा ती अशी जाऊन आली होती, हे नामदेवला नंतर कागदांवरून कळलं. सहा महिने आधी कुणी हाताला धरून आणलं असतं तर बघता आलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं. 'कुणी' म्हणजे कोण, हे मला कुणी सांगायची गरज नाही. तपासायचा हात माझा होता.

तिने का सांगितलं नाही, यावर लोक आता बरंच बोलतात. एकटी होती, मानी होती, कुणाला तकलीफ द्यायची नव्हती. मला माहीत नाही. ते मी तिच्या तिसऱ्या रकान्यातच, 'सांगितलं नाही'मध्ये, ठेवलं आहे…

कॉलेजच्या संगणकावर चालणारं तिचं यंत्र कॉलेजवाल्यांना बंद करायला जमलं नाही आणि नंबर बदलायलाही जमला नाही. कसं केलं आहे ते तिलाच ठाऊक होतं. त्यामुळे नामदेवने तिचा फोन मला आणून दिला. तो माझ्या दवाखान्याच्या खिडकीत चार्जरला लावलेला असतो. प्रश्न अजून तिच्याच आवाजात विचारले जातात आणि कुणी तरी कुठल्या तरी रानात बटण न दाबता गप्प उभं राहिलं की हा फोन वाजतो. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. मी हातातलं काम ठेवते. औषध नंतर सांगायचं हे आता मला कळतं. मी आधी विचारते, "शेजारी कोन हाय?"

त्या दुपारी नांदेडहून तिचा फोन आला तेव्हा मी हे विचारलं असतं, तर तिने खरं सांगितलं असतं. तिच्या शेजारी कुणीच नव्हतं.