दिवाळ्याच्या खाडीतला उलटा हिशोब

पनवेल मागं पडलं तसा एसटीच्या खिडकीतून खारट, कुबट वास आत आला आणि शेजारच्या आजोबांनी नाकाला रुमाल लावला. मी मात्र मान बाहेर काढून बघत बसले. एका बाजूला खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती दलदल), दुसऱ्या बाजूला बांबूंच्या परांच्यांत उभ्या असलेल्या अर्धवट इमारती. बेलापूरपर्यंत रेल्वे नुकतीच आलेली. स्टेशन एवढं ऐसपैस की आमच्या कोल्हापूरचा अख्खा स्टँड त्यात मावेल, आणि आत माणसं म्हणाल तर चार!

मी कशाला आले होते ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बया चिखल बघायला एवढ्या लांब गेली. गेले होते चिखलासाठीच. अणुभट्टीत अपघात झाला, तर आतून किती किरणोत्सारी द्रव्य सुटलं याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. आत जाऊन मोजायची सोय नसते. मग बाहेर मातीत, गवतावर, दुधात काय पडलं ते मोजायचं, वारा-पाऊस कसा होता ते बघायचं आणि तिथून उलटं मागं जायचं. पण आधी तिथं काय होतं हेच ठाऊक नसेल, तर नवं काय पडलं ते कसं कळणार? म्हणून भट्टीच्या समोरच्या या खाडीत, काहीही घडलेलं नसताना, चिखल आणि मासळी गोळा करायची.

दिवाळे गाव खाडीला लागूनच आहे. ओहोटी होती, होड्या कुशीवर कलंडल्या होत्या, बायका बोंबील वाळत घालत होत्या. मी ऐटीत डबा घेऊन उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. एका कोळणीनं दंडाला धरून मला उपसून काढलं.

"चपलेवर पानी सोडा आता," ती म्हणाली. "ती खाडीची झाली."

ही हौसाबाई. माझ्याच वयाची, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. पाय धुवायला घरी नेलं आणि जेवायलाच बसवलं. चिवणी (खाडीतली लहान मासळी) आणि तांदळाची भाकरी. असं कालवण मी जन्मात खाल्लं नव्हतं, तिखट खाणाऱ्या कोल्हापूरकरणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिची सासू भिंतीला टेकून बसली होती.

"त्या चिखलाचं काय करनार, बाय?" हौसाबाईनं विचारलं.

शितावरून भाताची परीक्षा, तसंच हे, असं म्हणून मी तिला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

"मंजे जे सापरलं त्याच्यावरून जे नाय सापरलं ते तुमी सांगता?"

"अंदाज सांगतो."

ती उठली आणि आतून तीन वस्तू आणून माझ्यापुढं मांडल्या. होडीच्या फळीचा तुकडा, जाळ्याचा बोया (तरंगणारा गोळा) आणि प्लास्टिकचा पाण्याचा डबा. तिचा नवरा नारळी पुनवेनंतर एकटाच होडी घेऊन मोऱ्याच्या (उरणच्या धक्क्याच्या) पुढं गेला होता. त्याच रात्री वादळ झालं. आता दिवाळीही होऊन गेली होती.

"ही आई म्हन्ते, दर्भाचा पुतला करून अग्नी द्या, माज्या पोराला पानी मिलत नाय. मी करू देत नाय." तिचा आवाज अगदी साधा होता. "मेला असंल त तो तिकरं तानेला राहिलाय. आन जिता असंल त मी जित्या मानसाचं कुकू पुसनार. तुमी शिकल्याल्या. तुमी सांगा."

सवयीनं मी विचारायला लागले. वारा कुठला होता? फळी कुठं मिळाली? कितव्या दिवशी? वारा बाहेरून किनाऱ्याकडं होता. तिन्ही वस्तू मोऱ्याच्या आसपासच, एकामागून एक लागल्या होत्या. उलटं गेलं की सगळं एकाच जागी पोचत होतं. होडी तिथंच फुटली होती. पण होडी म्हणजे माणूस नव्हे. एखाद्या दुसऱ्या होडीनं उचललं असेल, कुठल्या तरी बंदरात पडून असेल.

"डबा रिकामाच मिळाला?" मी विचारलं.

"भरल्याला. बूच पन निगालं नव्हतं."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पाण्यात पडलेला जिवंत माणूस सगळं सोडेल, पण गोड्या पाण्याचा तरंगता डबा सोडणार नाही. मला हे एका क्षणात कळलं, तर तिला, दर्यावरच्या बाईला, कधीचंच कळलेलं असणार.

आमच्या अहवालात सगळं हातचं राखून असतं. कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त तितकं. जे समुद्रावर पडलं ते मोजता येत नाही, म्हणून एक आकडा कधी द्यायचाच नाही. मी तिलाही तसंच सांगू लागले, की नक्की असं काही म्हणता येत नाही...

"एवड्या मोठ्या मशिनीतून किती गेलं ते सांगता," ती म्हणाली, "न माजा एक मानूस गेला का नाय, ते नाय सांगत?"

"गेले ते, हौसाबाई."

भिंतीजवळची म्हातारी पदर तोंडात कोंबून रडायला लागली. हौसाबाई रडली नाही. तिनं तव्यावरची करपलेली भाकरी उतरवली आणि चूल विझवली.

"मना म्हाईत होतं," ती म्हणाली. "पन कोन तोंडानं बोलत नव्हतं. उद्या पुतला करू, आई."

निघताना तिनं मला स्वतःच्या चपला दिल्या. मी नको म्हटलं, तर म्हणाली, अनवानी का जाशील एवड्या लांब. मला तिथं रडू फुटलं, आणि उलट तिलाच माझी समजूत घालावी लागली.

परतीच्या एसटीत चिखलाचे डबे मांडीवर घेऊन बसले होते. चिखलाचं उत्तर चुकलं तर पुन्हा यायचं, पुन्हा उपसायचं. हे उत्तर चुकलं, तर मी एका जित्या माणसाला अग्नी द्यायला लावला. खंडाळ्याचा घाट चढताना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा देवाकडं मागितलं, की माझा हिशोब चुकू दे. आणि मागता मागताच कळत होतं, की तो चुकलेला नाही.