तिसऱ्या हाळीची काकू

आमच्या खिचडीकाकूइतकं भित्रं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. ती पालीला भ्यायची, विजेच्या बटणाला भ्यायची. कुकरच्या शिट्टीची तर तिला इतकी दहशत की शाळेला मिळालेला मोठा कुकर तिने कधी खोक्यातून बाहेर येऊ दिला नाही. पोषण आहाराची खिचडी शेवटपर्यंत पातेल्यातच शिजली. आणि हीच बाई रोज अस्वलांच्या जंगलातून, तलावाला वळसा घालून शाळेत यायची. मी एकदा म्हटलं, "काकू, एवढी भीती वाटते तर हे काम सोडून का देत नाही?" तर म्हणाली, "भेव काय, घरीही लागते. मंग काम काऊन सोडू?"

संग्रामपूर मागे टाकून सातपुड्याची पहिली चढण चढलं की तो तलाव लागतो. तीन बाजूंना सागाचे डोंगर आणि चौथ्या बाजूला, जिथे नाला येऊन मिळतो तिथे, पुरुषभर उंचीच्या लव्हाळ्यांनी भरलेली पाणथळ. माझी शाळा पलीकडच्या वाडीत, खोली अलीकडच्या गावात. मधे दोन वाटा. वरची डोंगराच्या कुशीतून, लांबची. खालची लव्हाळ्यांच्या कडेने, जवळची. रविवारी शहरातून भटकायला येणाऱ्या मंडळींसाठी दोन्ही वाटांवर पिवळे बाण रंगवलेले होते. मी मेहकरकडची, सपाटीवरची. शेताच्या बांधापेक्षा उंच काही चढलेली नव्हते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी गावातल्या लोकांनी मला काकूच्या हवाली केलं, आणि तेव्हापासून आम्ही जाता-येता बरोबर.

काकूचं चालणं म्हणजे एक मिरवणूकच असे. डाव्या हातात स्टीलचं ताट, उजव्या हातात खिचडीची पळी. वळण आलं की ती ताट बडवायची आणि ओरडायची, "येऊन राह्यलो हो, पाहुने! बाजूले व्हा!" अस्वल हा शब्द ती जंगलात तोंडातून काढत नसे. त्याला 'काये पाहुने' म्हणायचं, म्हणजे काळे पाहुणे. एका रविवारी माझं काही सामान आणायला आम्ही निघालो होतो, तर नवे कोरे बूट घातलेली पाच-सहा पोरं समोरून आली. एकाने हसून विचारलं, "आजी, वरात कुणाची?" काकू न थांबता म्हणाली, "आपली मयत निघू नये म्हनून वाजवतो, बाबू." पोरं पुढे गेली ती बरीच गुपचूप गेली. मला मात्र तिची लाज वाटली होती, हेही सांगून टाकते.

तिचा सगळ्यात मोठा नियम हाळीचा. जंगलात कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाळीलाच ओ द्यायची, त्याआधी तोंड उघडायचं नाही. "पाण्याकाठचं जे असते नं, ते आपल्या मानसाचा आवाज चोरते," ती मला समजावायची. "एक डाव हाळी देते, दोन डाव देते. तिसऱ्या डाव त्याले देता येत नाही. अन् त्याच्या आंधी ओ देल्ली, तं मंग दोघातलं एक जाते. ओ देनारा जाते, नाही तं ज्याचा आवाज चोरला तो जाते. आज नाही तं उद्या, पन जाते." हा नियम तिने शाळेतही आणला. पोरं ताट घेऊन "काकू, मीठ! काकू, मीठ! काकू, मीठ!" अशी ओरडायची, आणि तिसऱ्याला आतून शांतपणे "ओ" यायची. मुख्याध्यापकांना आधी वाटलं बाई बहिरी आहे. मी तिची परीक्षा घ्यायला एकदा झाडाआडून दोनदाच हाक मारली. ती वाटेत ताठ उभी राहिली, डोळे मिटून, पळी छातीशी धरून. ओठ पांढरे पडले होते. तिसरी हाक न मारताच मी झाडाआडून पुढे आले. पुन्हा ती थट्टा मी केली नाही.

भीती संसर्गजन्य असते. मी गावी होते तेव्हा मला अंधाराचीही भीती नव्हती. काकूबरोबर एक पावसाळा चालले आणि दिवसाउजेडी माझ्या अंगावर काटा येऊ लागला. एका सकाळी वाटेकडेचं वारूळ फोडलेलं दिसलं; वाळवी खायला ते काळे पाहुणेच फोडतात. काकूने वाकून माती हातात घेतली. माती अजून ओली होती. अवतीभवती एक पाखरू बोलत नव्हतं. "चाल मांगं," ती कुजबुजली. आम्ही पाठ न वळवता, एकमेकींचा पदर धरून, उलट्या पावलांनी बाणापर्यंत आलो. त्या दिवशी शाळेला उशीर झाला आणि वाडीतल्या एकाही आईबापाने आम्हाला कारण विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. पोरं खिचडी खाऊन घरी पळाली होती आणि काकू हापशीवर पातेलं घासत बसली होती. मला मेहकरला जायचं होतं, दुपारची बस चुकली असती. "मी पुढे होते," म्हटलं. "वरतूनच जाजो," ती राखेच्या हाताने डोंगराकडे दाखवत म्हणाली. मी मान डोलावली आणि खालच्या वाटेने निघाले. पाऊस संपून पाणी मागे हटलं होतं. पाणथळीची कड वाळून तडकलेली, शेणाने सारवलेल्या अंगणासारखी दिसत होती. वळसा टाळायला मी तिच्यावर पाय ठेवला. चारेक पावलं बरी गेली. पुढचं पाऊल गुडघ्यापर्यंत गेलं, ते काढायला दुसऱ्यावर जोर दिला तर दोन्ही पाय मांडीपर्यंत आत.

गाळ थंड होता. हलले की तो थोडा वर यायचा. फोन काढून पाहिला; तलावाकाठी रेंज कधीच नसते, तेव्हाही नव्हती. रडावं की ओरडावं कळेना. एवढ्यात डोंगरावरून, वरच्या वाटेने, ताट वाजल्याचा आवाज आला. जन्मात एवढा गोड आवाज ऐकला नव्हता. मी सगळा जीव घशात आणून हाक मारली, "काकूऽऽ!"

ताट थांबलं.

मी दुसऱ्या हाकेसाठी श्वास घेतला आणि समोरचे लव्हाळे हलले. आधी काळी पाठ दिसली, पाठीवर चिकटलेलं पिल्लू दिसलं, मग ती मादी मागच्या पायांवर उभी राहिली आणि नाक वर करून माझा वास घेऊ लागली. तोंडातली हाक तोंडातच राहिली. आता आवाज केला तर ती अंगावर येणार. नाही केला, तर काकू वर उभी राहून उरलेल्या दोन हाकांची वाट बघणार, आणि त्या आल्या नाहीत की पदर तोंडावर घेऊन घरची वाट धरणार. तिचा नियम मला पाठ होता. वर झाडांत काहीच हलत नव्हतं. माझे दात वाजत होते आणि तो आवाजही मला मोठा वाटत होता. मला आई आठवली नाही, देव आठवला नाही. फक्त ते थांबलेलं ताट ऐकू येत होतं.

आणि मग डोंगरावरून ओ आली. "ओऽऽ!" चिरकी, रडवेली, फाटलेली. पाठोपाठ ताटावर पळीचा मारा, वाट सोडून झुडपांतून घसरत खाली येणारे दगड, आणि "व्हा बाजूले! व्हा बाजूले म्हन्तो नं!" मादी चार पायांवर आली, फुसकारली आणि पिल्लासकट लव्हाळे मोडत निघून गेली. काकू काठावर आली तेव्हा तिच्या कोपरातून रक्त येत होतं. तिने अंगावरचं लुगडं सोडलं, एक टोक बाभळीला गुंडाळलं, दुसरं माझ्याकडे फेकलं, आणि परकरावर उभी राहून ओढत राहिली. मी बाहेर आले तशी तिने मला आधी एक थोबाडीत दिली आणि मग कवेत घेतलं. ती माझ्यापेक्षा जास्त कापत होती.

"काकू, तुम्हाला कसं कळलं, मीच आहे?"

"नाही कळलं," ती म्हणाली. "मले वाटलं, तेच हाय."

"मग ओ का दिली?"

"तूच असती तं?" ती म्हणाली, आणि जमिनीकडे बघत, "पयल्याच हाळीले ओ देल्ली म्या."

त्या संध्याकाळी तिने मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. मी म्हटलं, आता तुमचीही काढते, तर हात जोडून नको म्हणाली. त्यानंतर तिचं भिणंच बदललं. पाल अंगावरून गेली तरी तिचं लक्ष नसे. सारखी मला मात्र न्याहाळायची. शिंकले तरी "काय होऊन राह्यलं तुले?" वर्षभराने माझी बदली माझ्याच तालुक्यात, हिवरा आश्रमाजवळच्या शाळेत झाली. काकूचा आठवड्याला फोन यायचा. "बरी हायेस नं? ताप-गिप? गाडीवर नको बसजो कोनाच्या." मी हसून म्हणायची, "काकू, माणूसच होतं हो ते, मीच होते." ती म्हणायची, "हाव, हाव," आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न. खोटं कशाला बोलू, मलाही रस्ता ओलांडताना आता दोनदा बघायची सवय लागली होती.

मग फोन आले नाहीत. पिंपळगाव राजाला लेकीकडे तिला आणून ठेवलं होतं. पोटात गाठ होती, आणि डॉक्टरांनी घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. मी गेले तेव्हा ती खाटेवर एवढीशी झाली होती. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, डॉक्टर चुकले.

"आली का, पोरी? बस." तिने माझा हात हातात घेतला. "आता बिनघोर राह्य. तुह्यं टळलं."

मला हुंदका आवरेना. "काकू, असं काही नसतं हो. हा आजार आहे. कोणालाही होतो."

"नसन," ती समजुतीने म्हणाली, जणू मीच भित्री होते. "पन मले लय घोर होता. म्हनलं, मले सोडून तुलेच नेते का काय. रोज पाहो मी, कोनाले नेऊन राह्यलं ते." मग डोळे मिटून घेत म्हणाली, "आता झोप येते मले चांगली."

ती झोपल्यावर मी बाहेर ओट्यावर आले. लेक पाठोपाठ चहा घेऊन आली. "आमची माय जल्माची भित्री," ती म्हणाली. "अन् आता पाहा. सुईले भेत नाही, मरनाले भेत नाही, हसून राह्यली. काय केलं तुमी तिले, मॅडम?"

मी चहा हातात धरून बसले. "एकदाच हाक मारली होती," मी म्हटलं.