गुरुवारची अंडी

गुरुवारी कमलमावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसायच्या. आत मी उकडलेली अंडी सोलायचे आणि त्या माझ्याकडं पाठ करून तांदूळ निवडता निवडता नुसत्या आवाजावरून बोलायच्या, "आपटू नगंस! टिचकी मार. अंडं हाय, नारळ न्हाई."

ही लातूरची मेस. क्लाससाठी आलेली साठ पोरं, सकाळी प्रत्येकाला दोन अंडी. मी माहूरकडची. नववीत शाळा सुटली, मग शेतातली कामं, आणि तेविसाव्या वर्षी ओळखीनं इथं लागले. घरापासून एवढ्या लांब कधी राहिले नव्हते. आमच्या घरात अंडं शिजतच नव्हतं, त्यामुळं इथं पातेल्यात शंभरावर अंडी एकदम उकळताना बघून मला धडकीच भरली.

मावशी उदगीरच्या. ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नखं मुळापर्यंत कापलेली. "नखवाल्या बाईला अंडं दावू न्हाई," म्हणायच्या. स्वतः खात नव्हत्या, पण सोललेलं अंडं त्यांच्या हातातून असं निघायचं, जणू त्याला कवच कधी नव्हतंच. त्यांच्याकडून शिकायला मात्र मला जमेना. एक दिवस म्हणायच्या पाण्यात मीठ टाक, दुसऱ्या दिवशी मीठ घेतलेला माझा हात झटकायच्या.

"काल मीठ म्हणालात की मावशी!"

"काल कालची अंडी हुती."

अंड्यांत काल आणि आज काय असतं, ते मला कळलं नाही, आणि विचारायची भीती वाटली. उकळी आल्यावर अंडी सोडायची, काढली की गार पाण्यात, बुडाकडून फोडायचं कारण पोकळी तिथं असते, एवढं पाठ केलं. तरी माझी अर्धी अंडी खरवडलेलीच निघायची.

एका बुधवारी मालकांनी ताट माझ्यापुढं धरलं. "उंदरानं कुरतडल्यागत दिसायलंय हे. पोरांचे बाप मला फोन करायलेत. उद्या असं झालं तर बॅग भर अन् गावाकडं जा."

मी घाबरून एकच हुशारी केली. अंडीवाल्याला निरोप दिला, उद्या एकदम ताजी आण, आजची. त्यानं खरंच आणली. पांढरीशुभ्र, बघून बरं वाटलं.

गुरुवारी पहिलं अंडं सोललं, कवचाबरोबर अर्धा पांढरा बलक आला. दुसरं तसंच. दहावं तसंच.

बाहेरून मावशी म्हणाल्या, "आवाज का गं चिकट यायलाय?"

"ताजी हायत मावशी. मीच मागवली."

तांदळातला हात थांबला. "ताजी? अगं येडे, ताजं अंडं कवच सोडत न्हाई. चार-पाच दिस जुनं झालं की मग सुटतं."

"हे तुम्ही कधी सांगितलंच नाही!"

"तू इचारलंस कधी?"

मी पाण्याचं विचारलं होतं, मिठाचं विचारलं होतं, अंडी किती दिवसांची ते नाही. त्यांनी बाहेरून सांगितलं ते सगळं करून बघितलं, पण कवच सुटेना. पोरं ताटं वाजवायला लागली. मला रडू फुटलं. तेवढ्यात सूप बाजूला सरकल्याचा आवाज आला आणि मावशी आत आल्या. सगळी अंडी हलक्या हातानं चहूकडून टिचवली आणि पाण्यात बुडवून ठेवली. पाणी आतल्या पापुद्र्याखाली शिरलं, तसा ओला चमचा बुडाकडून आत सारून एकेक मोकळं करायला लागल्या. पाऊण तासात शंभरावर झाली. खराब झाली ती चिरून रश्श्यात टाकली. मालक डोकावले, "आज बरी हायत," म्हणाले आणि गेले.

"मावशी, आज गुरुवार," मी म्हणाले.

"हाव. म्या बी कॅलेंडर बघते."

पोळ्या करणाऱ्या बाईंनी नंतर सांगितलं. मावशींच्या लेकीची दोन बाळंतपणं वाया गेली होती, आता तिसऱ्या खेपेला मावशींनी अकरा गुरुवारांचा नवस बोलला होता. दिवसभर उपास आणि अंड्याला शिवायचं नाही. तो दहावा होता.

मावशींनी पुढच्या आठवड्यापासून मोजणी एकपासून धरली. मी बोटांवर मोजत राहिले. लेकीला आठवा लागलेला, अकरा आठवडे आणायचे कुठून? पाच झाले आणि मावशींना लेकीच्या बाळंतपणासाठी उदगीरला निघावं लागलं; त्या धावपळीत तिथं गुरुवार पाळणं जमणार नव्हतं.

बसस्टँडवर मी पाय धरले. "माझ्यामुळं मोडलं मावशी."

"ऊठ. तुझी भाकर चालली असताना म्या बाहेर तांदूळ निवडत बसले असते, तर ते बी मोजलंच असतं की देवानं."

मला तेव्हा पटलं की नाही, आजही सांगता येत नाही. उरलेले सहा गुरुवार मी धरायचे ठरवले. पण मावशींची जागा आता माझी, अंडी सोलायला दुसरं कोण? दिवसभर उपास आणि सकाळी हातात अंडी. याला धरलं म्हणावं का, ते कुणाला विचारावं, कळेना. माझे चार झाले आणि उदगीरला नात झाली. दोघी सुखरूप. मग ते कशानं झालं? त्यांच्या नऊनं, पाचानं, की माझ्या असल्या चारानं?

फोनवर मी मावशींना सगळं सांगून टाकलं. मागं बाळ रडत होतं.

"मग दोन ऱ्हायलेत की गं," त्या म्हणाल्या. "ते बी कर. लेकरू आत्ताच आलंय, त्याला लागतीलच."