स्कर्टच्या काठाचा धागा

बाकहाव गावात बाळ जन्माला आलं की त्याला पहिली शिवी तेओफिस्ताकडून मिळायची. "ई, हे काय जन्माला घातलंस? बेडूक का सुकट?" असं म्हणत ती दारातून आत शिरायची, छपराच्या वाशाला ताणकाटा अडकवायची, त्याला झोळी लावायची आणि त्या बेडकाला अगदी अलगद झोळीत ठेवायची. बाळाची आई खूश. कोवळ्या जिवाचं तोंडभर कौतुक केलं तर त्याला दृष्ट लागते, हे आमच्या सेबू बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चुकून चांगला शब्द तोंडून गेलाच, तर लगेच 'पुएरा बुयाग' म्हणायचं, दृष्ट न लागो, की मग काळजी मिटली.

हे काम तेओफिस्ताला मिळालं १९८३ साली, आणि त्याचा तिला भारी तोरा होता. शहरातल्या डॉक्टरांनी एक अभ्यास काढला होता. त्या वर्षी जन्मलेली गावोगावची पोरं निवडायची, दोन वर्षांची होईपर्यंत दर दोन महिन्यांनी त्यांचं वजन आणि उंची घ्यायची, आई काय पाजते, काय भरवते, पोर किती वेळा आजारी पडतं ते विचारायचं. आणि तेवढ्यावर थांबायचं नाही. पुढे ती पोरं शाळेत कशी शिकतात, मोठेपणी कशी निघतात, तेही बघत राहायचं. गावातले टवाळ विचारायचे, "पोरं काय कोंबड्या आहेत, वजनावर विकायला?" तेओफिस्ता तेव्हा तेवीस वर्षांची. आई सुकी मासळी विकायची, पण हिने शाळा पुरी केलेली. तिच्या वाट्याला बाकहावातली बेचाळीस घरं आली, आणि सोबत एक काटा, उंची मोजायची घडीची फळी आणि एक निळा स्कर्ट. गणवेश घालून कामाला जाणारी त्यांच्या घराण्यातली ती पहिलीच. तो स्कर्ट ती स्वतः धुवायची, आईलाही हात लावू द्यायची नाही.

घोटाळा झाला तो नंबर सतराच्या घरी. नंबर सतरा म्हणजे लिब्रादाची जुनालिन. जन्मली तेव्हा दोन किलोचीही नव्हती, सुईणीने सुद्धा मान हलवलेली. पण लिब्रादा चिवट बाई. तिने पोरीला दिवसरात्र छातीशी बांधून ठेवलं, दुधाशिवाय थेंब दुसरा दिला नाही. चौथ्या महिन्यात तेओफिस्ताने तिला झोळीत ठेवलं आणि काट्याचा बाण सरसर खाली गेला. पाच किलोच्या पार! तेओफिस्ताला राहवलंच नाही. "अगं बाई, किती देखणी झालीय ही!" ती ओरडलीच. पुढचा शब्द राहून गेला, कारण आकडा लिहायची घाई होती. लिब्रादाने एकदा तिच्याकडे रोखून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी पोरीला जुलाब लागले, अंग तापलं. लिब्रादा अनवाणी धावत तेओफिस्ताच्या दारात आली.

"इंदाय, पोरी, त्या दिवशी तू घातला होतास ना, त्या स्कर्टचा एक धागा दे. निखाऱ्यावर टाकते आणि पोरीला धूर देते. तुझा शब्द लागलाय तिला."

आता, लोकांच्या अंधश्रद्धांना खतपाणी घालू नका, असं शिकवणीत तेओफिस्ताला बजावून सांगितलेलं. ती ताठ उभी राहिली. "मानांग, अगं ताई, जुलाब जंतूंनी होतात, शब्दांनी नाही. पाणी उकळ. साखर-मिठाचं पाणी करून चमच्याने पाजत राहा. आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने." यातला शब्द न् शब्द बरोबर होता. पण हे सांगताना ती हसली. शिकलेलं माणूस अडाण्याला हसतं तसं हसली.

"एक धागा मागितला मी," लिब्रादा म्हणाली, "स्कर्ट नाही मागितला." आणि आली तशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेओफिस्ता दोरीवरचा स्कर्ट काढायला गेली, तर काठाचा चांगला वीतभर तुकडा गायब. शेजारच्या इस्कोचा बोकड खाली रवंथ करत उभा होता. मग काय विचारता! तिने इस्कोच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि पुढची दोन वर्षं त्याच्याशी अबोला धरला. फाटका काठ आत दुमडून, शिवून, धुसफुसत ती लिब्रादाच्या घरी पोचली, तर दाराला कुलूप. दहा दिवसांनी कळलं की नवऱ्याच्या भावाकडे, मिंदानाव बेटावर गेले सगळे. सोबत बाळ होतं का, हे कुणालाच धड सांगता येईना. कुणी म्हणे कडेवर गाठोडं होतं. गाठोड्यात काय होतं ते कुणी पाहिलं नव्हतं.

तेओफिस्ताने कागदावर 'घर बंद' लिहिलं आणि घरी येऊन ढसाढसा रडली. जंतूंवर तिचा विश्वास होता, तो कधीच ढळला नाही. पण आपल्या शब्दाने पोर गेलं असेल तर, हा काटा एकदा रुतला तो रुतलाच. आणि एक गोष्ट मात्र तिला लख्ख कळली, जी कुठल्याच शिकवणीत नव्हती. धागा दिला असता, तर लिब्रादाने तिचं पुढचंही ऐकलं असतं.

तेव्हापासून तिच्या पिशवीत काट्याच्या जोडीला धाग्यांचं एक भेंडोळं असायचं, निळ्या स्कर्टचेच धागे. कुणाचं पोर आजारी पडलं आणि आईने हात पुढे केला, की ती निमूट धागा द्यायची. "घे, दे धूर. आणि धूर देऊन झाला की चप्पल घाल, दवाखान्यात जायचंय. मी येते बरोबर." धागा मिळालेली एकही आई कधी नाही म्हणाली नाही. पुढे वर्षाला एक स्कर्ट लागायला लागला, तेव्हा या अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर सुमालिनोग यांनी तिला बोलावून विचारलं, "मानांग तेओ, बाकीच्या बायका तीन-तीन वर्षं एक स्कर्ट वापरतात. तुम्ही स्कर्ट खाता का काय?" तेओफिस्ताने खरं ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला दोन जादा स्कर्ट मंजूर केले.

पोरं मोठी झाली. अकरा वर्षांची असताना त्यांना वाचायला, गणितं सोडवायला दिली, आणि मग डॉक्टर सुमालिनोग यांनी देवळाच्या अंगणात सगळ्या आयांना बसवून काय निघालं ते सांगितलं. पहिल्या दोन वर्षांत जे पोर जुलाबांनी सारखं झिजलं आणि बुटकं राहिलं, ते शाळेतही मागे पडलं. शाळेत जायलाच त्याला उशीर झाला. जिथे आईचं दूध लांबलं आणि उकळलेलं पाणी दिलं गेलं, तिथली पोरं कमी आजारी पडली. आणि जन्मतः मुठीएवढी असलेली, पण पहिल्या वर्षा-दोन वर्षांत नीट भरलेली पोरं, त्यातली बरीचशी वर्गात इतरांच्या बरोबरीला आली. म्हणजे मेंदू पाटीवर घडायला लागतो तो नंतर, आधी तो ताटात घडतो. तेओफिस्ता सगळ्यात पुढे बसली होती. डॉक्टरांनी फळ्यावर लिहिलेल्या आकड्यांकडे बोट करून ती शेजारणीला म्हणाली, "हे माझ्या काट्यावरचे आहेत." पुढे परदेशी मासिकात लेख छापून आला. त्यात तिचं नाव नव्हतं, बाकहावाचंही नव्हतं. तरी तिने तो लेख देव्हाऱ्यात बाळ येशूच्या मूर्तीमागे ठेवला आणि रोज सकाळी दोघांनाही एकत्रच नमस्कार करायला लागली.

वर्षं गेली तशी पोरं पांगली. कुणी मनिलाला, कुणी जहाजावर, कुणी नवऱ्याच्या गावी. इतर गावांतल्या बायका पत्ते शोधून थकल्या. तेओफिस्ताने पत्त्यांचा नाद सोडला आणि एक नोव्हेंबरला फळी-काटा घेऊन सरळ कब्रस्तानात जाऊन बसली. आमच्यात माणूस वर्षभर कुठेही असो, त्या दिवशी आपल्या माणसांच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला येतोच. मेलेल्यांच्या निमित्ताने तिला जिवंत सापडायचे. "आईला भेटलास ना? आता चप्पल काढ आणि फळीला टाच लाव." अकरा हरवलेली माणसं तिने अशी धरली. आधी सगळे हसले, मग सगळ्यांनी तोच मार्ग धरला.

पण कुणाला न सांगता ती तिथे आणखीही एक काम करायची. लहान थडग्यांच्या रांगेतून हळूहळू चालत जायची आणि प्रत्येक नाव वाचायची. जुनालिनचं नाव दिसलं नाही की सुटकेचा श्वास टाकायची. पण तेवढ्याने मन भरत नसे, कारण मिंदानावलाही कब्रस्तानं असतातच.

पस्तिसाव्या वर्षी अभ्यासाची शेवटची फेरी आली. तेओफिस्ताच्या बेचाळीसांपैकी एक्केचाळीस जणांची नोंद झाली होती, त्यात दोन मयत. डॉक्टर सुमालिनोग चष्मा पुसत म्हणाल्या, "मानांग तेओ, एवढं काम साऱ्या बेटावर कुणाचं नाही. आता सतराव्यापुढे 'सापडली नाही' लिहा आणि सही करा."

"एक नोव्हेंबरपर्यंत थांबा," तेओफिस्ता म्हणाली.

"पस्तीस वर्षं नाही आली ती."

"मग अजून तीन आठवड्यांनी काय बिघडतंय?"

त्या दिवशी दुपार कलताना कब्रस्तानात नुसती जत्रा होती. भाताचे गोड लाडू, पत्ते, रेडिओ, रडणारी पोरं. तेओफिस्ता फळी घेऊन रांगेतून चालली होती आणि एकदम थांबली. लिब्रादाच्या आईचं थडगं इतकी वर्षं गवतात बुडालेलं असायचं. आज त्याला ताजा चुना होता, आणि शेजारी उकिडवी बसून एक रुंद खांद्यांची बाई फुलं मांडत होती. हातांवर जागोजागी भाजल्याचे बारीक डाग.

"इंदाय, हे कुणाचं?" तेओफिस्ताने विचारलं, तिला माहीत असून.

"माझ्या आजीचं. आई पाच वर्षांपूर्वी मिंदानावला वारली. आता तिची हाडं इथे आणलीत, तिची तशी इच्छा होती."

"आणि तुझं नाव?"

"जुनालिन."

तेओफिस्ता मागच्या थडग्यावर मटकन बसली.

"अगं ए, माझ्या बायकोवर बसलीस!" म्हातारा इस्को मेणबत्ती हातात घेऊन खेकसला. पण ती उठली नाही.

जुनालिन तिच्या हातातल्या फळीकडे बघत होती, मग निळ्या स्कर्टकडे. "तुम्ही तेओफिस्ता तर नव्हे?" तिने गळ्यातली एक चिमुकली पुरचुंडी काढली आणि गाठ सोडली. आत कापडाचा तुकडा होता, विटून राखाडी झालेला, पण एका दुमडीत अजून निळा.

"आईने चोरला होता," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी, तुमच्या दोरीवरून. थोडा जाळून मला धूर दिला आणि उरलेला गळ्यात बांधला."

"आणि मग?" तेओफिस्ताने विचारलं.

"मग तुम्ही सांगितलं होतं तसं रात्रभर चमच्याने पाणी पाजलं आणि सकाळी पहिल्या बसने शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आई म्हणायची, त्या पोरीचा धागाही खरा आणि तिचं पाणीही खरं."

"मग परत का नाही आली गं ती? मी इथे..."

"लाजेने! अभ्यासवाल्यांचं कापड फाडलं, आता पोलीस येतील, असंच वाटायचं तिला. तेवढ्यात बाबांना तिकडे काम मिळालं. मरेपर्यंत म्हणत होती, त्या बाईला तोंड कसं दाखवू?"

एक हसली म्हणून लाजत होती, एक चोरी केली म्हणून. पस्तीस वर्षं दोघींनी समुद्राच्या दोन बाजूंना बसून काढली. तेओफिस्ता हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

"म्हणजे माझ्या बोकडाने नाही खाल्ला?" इस्को मध्येच ओरडला. "दोन वर्षं बोलली नाहीस माझ्याशी! बिचारा बदनाम होऊन मेला!"

"त्याच्याही नावाने एक मेणबत्ती लाव, इस्को नोंग. पैसे मी देते," तेओफिस्ता म्हणाली आणि उठली. काम करायचं होतं. तिने फळी उभी केली, काटा ठेवला, चष्मा लावला. "चप्पल काढ. टाच लाव. शिक्षण किती?"

"हायस्कूल पूर्ण. मग वेल्डिंग शिकले. वर्गात एकटी मुलगी आणि परीक्षेत पहिली. आता जहाजांच्या कारखान्यात आहे, माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत."

तेओफिस्ताने डोक्यावरची पट्टी खाली सरकवली. एकशे एकावन्न सेंटिमीटर आणि वर चार रेघा. चौपन्न किलो. दोन किलोचीही नव्हती ती पोर. तिने आकडे लिहिले, पुन्हा वर पाहिलं, आणि फळीला पाठ लावून ताठ उभ्या असलेल्या त्या बाईकडे पाहताना तिचा ऊर असा भरून आला की जीभ ताब्यात राहिली नाही.

"अगं बाई, किती देखणी झालीय ही!"

पुढचा शब्द पुन्हा राहिला. आजूबाजूच्या बायकांचे हात तोंडावर गेले. जुनालिनने फळीपासून न हलता फक्त हात पुढे केला.

"मग धागा द्या."

तेओफिस्ता खाली वाकली, स्कर्टचा काठ धरला आणि धागा ओढून काढला.