तान्हीच्या कबरीवरली बोराटी

मायाक्का बायबल-बाई. सोलापुरात मागांच्या खडखडाटात इणकरांच्या उंबऱ्यावर बसून येशूच्या गोष्टी सांगायची. आवाज खणखणीत. पण कबरीची गोष्ट आली की बाई कुत्रं मागं लागल्यागत उरकायची.

चौऱ्याहत्तर साली ख्रिस्ती देवळात नवे पाळक आले. लई शिकलेले. ईस्टरच्या आधल्या ऐतवारी उपासनेनंतर ते म्हणाले, "शुभवर्तमानं येशूच्या मागं कैक वर्षांनी लिहिली. बहुतेक पंडितांच्या मते मार्काचं सगळ्यात जुनं. त्याच्या जुन्यात जुन्या प्रती कुठं थांबतात? तिसऱ्या दिवशी बाया येशूच्या मोकळ्या कबरीपासून पळाल्या, भ्याल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढचं, येशू उठून दिसल्याचं, मागाहून जोडलेलं."

 मंडळीत कालवा उठला.

"कुणी सांगितलंच न्हाय, तर ह्यो धर्म सोलापुरापतूर चालत आला व्हय?" आबासाहेब मास्तर तडकले.

"तोच तर वाद आहे, मास्तर. आधी विश्वास, का आधी गोष्ट?"

मायाक्काचा नवरा कल्लप्पा, गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, मस्करीत कुणाला हार न जाणारा. तो उठला. "सायेब, चूक तितंच हाय. बाया आन् गप? बाईच्या पोटात कवा काय ऱ्हायलंय का!"

सगळे हसले. पाळकही.

"ऱ्हातं की," मायाक्का म्हणाली. आपलाच आवाज ऐकून ती दचकली.

मायाक्का-कल्लप्पाची तान्ही लेक कैक वर्षांमागं गोवरानं गेली होती. तान्ह्या पोराला पुरलं की जनावरानं उकरू नये म्हणून वर बोराटी, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, टाकायची, दगडं ठेवायची, ही गावाकडची रीत. कल्लप्पानं बोराटी आणू दिली नाही. वैऱ्यांनी काटे प्रभूच्या डोईवर घातले, ते माझ्या लेकीवर नकोत, म्हणाला.

"तिसऱ्या दिशी मी एकलीच गेल्ते," मायाक्का बोलली. "खड्डा उकरलेला. आत पोर न्हवती. हातानं माती लोटली आन् पळत सुटले. सायेब, त्या बाया गपच बसल्या आसतील. मोकळी कबर बघितली की तोंड उघडत न्हाय."

कल्लप्पाचं तोंड उघडंच राहिलं. "मला बी न्हाय सांगितलंस?"

"काय सांगू? काटं तुमीच घालू दिलं न्हाईत."

त्याला बसायला बाक सापडेना. "मंग दर ईस्टरला मी फुलं कुणाला घालतुया?"

 

ईस्टरच्या पहाटे कल्लप्पा फुलं न घेताच लेकीच्या कबरीकडं निघाला. खांद्यावर बोराटी होती. मायाक्का मागनं पदरात दगडं घेऊन.